अर्नोकाठचे महाराज

फ्लॉरेन्सला दोन रात्री राहून उफीझी संग्रहालयात पाऊल न टाकता आणि मायकेलअँजेलोच्या खऱ्या डेव्हिडला न भेटता परत आलेली माणसं तुम्ही पाहिली आहेत का? नसतील तर आज ओळख करून घ्या. एक मी आणि दुसरे आमचे अण्णा. ऑफिसात हे सांगितलं तर लोक आधी हसतात आणि मग "रांग फार होती का?" असं सहानुभूतीनं विचारतात. रांगेचा प्रश्नच नव्हता. आम्हाला दुसऱ्याच कुणाला तरी भेटायचं होतं आणि ते डेव्हिडपेक्षा बरेच लांब, गावाच्या पार पश्चिमेच्या टोकाला असतात.

सांगते. पण क्रमानं सांगते, कारण अण्णांबरोबर कुठलीच गोष्ट क्रम सोडून करता येत नाही.

अण्णा म्हणजे माझे वडील. वय ७६. बांधकाम खात्यात ओव्हरसियर म्हणून लागले आणि उपअभियंता म्हणून निवृत्त झाले. मुक्काम पोस्ट शुक्रवार पेठ, कोल्हापूर. मला म्युनिकला येऊन चौदा वर्षं झाली. त्यात आई दोनदा येऊन राहून गेली, अण्णा एकदाही नाही. "तिथं थंडी फार", "पेन्शनचं काम अडकलंय", "घराला कुलूप किती दिवस लावायचं" अशी कारणं ते आळीपाळीनं वापरायचे. खरं कारण निराळं होतं आणि ते आमच्या सांगलीच्या आत्यानं एकदा फोनवर सरळ बोलून दाखवलं. "अगं, या वयात परमुलखात काही झालं म्हणजे? पाणी पाजायला तरी कोण असतंय तिथं?" (आत्या, हे वाचत असशील तर रागावू नकोस. पुढचं तुझ्यासाठीच लिहिलंय.)

२०२१ च्या मे महिन्यात आई करोनात गेली. विमानं मोजकीच उडत होती, पोचल्यावर अलगीकरणाचे नियम होते आणि सगळं मिळून तीन दिवसांत होत्याचं नव्हतं झालं होतं. मी पोचू शकले नाही. चुलतभावाचा फोन आला, "सगळं व्यवस्थित झालं, तू काळजी करू नको." डिसेंबरात गेले तेव्हा आईचा फोटो भिंतीवर लागला होता. त्या दिवसाबद्दल अण्णा काही बोलले नाहीत, मी विचारलं नाही. आमच्याकडे असल्या गोष्टी विचारायची पद्धत नाही. पण अण्णा तिथे होते आणि मी नव्हते, हे मनात कायमचं बसलं. स्वयंपाक करताना, ट्राममध्ये बसल्यावर, कुठेही ते वर यायचं.

असो. तर गेल्या वर्षी अण्णा आपणहून म्हणाले, "यंदा येतो. पण मला फ्लॉरेन्सला न्यायचं. आपल्या महाराजांची छत्री बघायचीय."

हे महाराज कोण, ते कोल्हापूरकरांना सांगायला नको. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते. कोल्हापूरच्या गादीवर राजाराम नावाचे छत्रपती होते. शिवाजी महाराजांचे पुत्र राजाराम ते हे नव्हेत, आणि विसाव्या शतकातले, शाहू महाराजांचे पुत्र राजाराम तेही नव्हेत. हे मधले. जन्म १८५०. पाटणकरांच्या घरातून दत्तक आलेले, १८६६ साली गादीवर बसले. १८७० साली विलायतेला गेले, व्हिक्टोरिया राणीला भेटले, सगळ्याची इंग्रजीत रोजनिशी लिहिली. परत येताना आल्प्सच्या वाटेवर तब्येत बिघडली ती सुधारलीच नाही आणि ३० नोव्हेंबर १८७० ला फ्लॉरेन्समध्ये त्यांचं निधन झालं. वय अवघं वीस. रोजनिशी १८७२ साली लंडनमध्ये छापून निघाली. ज्या राजाराम कॉलेजातून अण्णा बी.एस्सी. करता करता डिप्लोमाकडे वळले, ते याच महाराजांच्या नावाचं. म्हणजे अण्णांच्या हिशेबानं हे घरचंच प्रकरण.

म्युनिकहून गाडीनं निघालो. इन्सब्रुक, ब्रेनरची खिंड, बोलोन्या आणि मग फ्लॉरेन्स. "महाराज याच वाटेनं आले," अण्णा खिडकीला नाक लावून म्हणाले. ब्रेनरचा लोहमार्ग १८६७ सालचा, म्हणजे तेव्हा नवाकोरा. डोंगर बघून अण्णांनी आधी बोगदे मोजले आणि मग डबा उघडला.

दुसऱ्या दिवशी मंगळवार होता. सकाळी साडेसातला आम्ही सांता मारिया नोव्हेल्लाच्या चौकातून निघालो. दिवसभर पायीच फिरायचं ही अण्णांची अट. "गाव पायाखाली घातल्याशिवाय कळत नाही." चौकात दोन दगडी स्तंभ आहेत, ते पितळी रंगाच्या कासवांच्या पाठीवर उभे आहेत. पूर्वी इथे घोड्यांच्या रथांच्या शर्यती व्हायच्या, त्या या दोन स्तंभांना वळसे घालून. अण्णांनी वाकून कासवं पाहिली. "देवळात कासव पाहिजेच," म्हणाले आणि पुढे चालू लागले.

गल्लीतून बाहेर पडलं की एकदम समोर दुओमो येतो. फोटोत तो कितीही वेळा पाहिलेला असला तरी एवढा मोठा असेल असं वाटत नाही. अंगावरच येतो! पांढरा, हिरवा, गुलाबी संगमरवर आणि वर तो विटांचा लाल घुमट. बांधकाम १२९६ साली सुरू झालं, पण घुमटाची जागा शंभरेक वर्षं उघडीच होती, कारण सुमारे ४५ मीटर रुंद घुमट बांधायचा कसा हे कुणालाच माहीत नव्हतं. एवढ्या उंचीवर लाकडी सांगाडा उभा करायचा तर लाकूड पुरणार नाही. मग १४२० साली ब्रुनेलेस्की नावाच्या, मूळच्या सोनारकाम शिकलेल्या माणसानं हे काम अंगावर घेतलं आणि १४३६ पर्यंत खालून आधार न देता पुरं केलं. एकात एक असे दोन घुमट. आणि विटा माशाच्या काट्यासारख्या तिरप्या-उभ्या गुंफलेल्या, म्हणजे ओलं बांधकाम आतल्या बाजूला घसरत नाही. चाळीस लाखांवर विटा लागल्या म्हणतात.

हे सगळं मी वाचून गेले होते. अण्णांनी ते मान वर करून, हातानं हवेत विटा रचून मला पुन्हा समजावलं. आपला विजापूरचा गोल घुमट जवळपास याच मापाचा, पण सुमारे २२० वर्षांनंतरचा, हेही. सगळ्यात जास्त त्यांना आवडला तो माल वर चढवायचा रहाट. खाली बैल फिरायचे, आणि ब्रुनेलेस्कीनं दातेरी चाकांची अशी जोडणी केली होती की ओझं वर न्यायचं असो की खाली आणायचं असो, बैल उलटे फिरवावे लागत नसत. "बैलाचा विचार केलान बघ," अण्णा म्हणाले. "इंजिनियर असावा तर असा."

चर्चच्या मागच्या बाजूला फरशीत एक पांढरा गोल दगड बसवलेला आहे. घुमटाच्या टोकावर सोनेरी गोळा आहे ना, तो १६०० च्या सुमारास वीज पडून खाली आला तो इथे. आम्ही दोघं त्या दगडावर उभे राहिलो. बाकी शेकडो लोक वर बघत होते, आम्ही खाली.

तिथून पियात्सा देल्ला सिन्योरिया. इथे डेव्हिडची प्रतिकृती उभी आहे. मूळ पुतळा १८७३ साली इथून हलवून अकादेमियात ठेवला. मी धीर करून म्हटलं, "अण्णा, खरा इथून जवळच आहे. तिकिटं बघू का?" अण्णांनी प्रतिकृतीकडे नीट पाहिलं. "हा काय वाईट आहे?" विषय संपला!

त्याच चौकात एक गोल फरशी आहे. साव्होनारोला नावाच्या साधूला २३ मे १४९८ रोजी इथे फाशी देऊन जाळलं. आधी साऱ्या गावानं त्याला डोक्यावर घेतलं होतं. मग त्याची राख उचलून अर्नो नदीत टाकली, का, तर भक्तांनी ती जपून ठेवू नये म्हणून. अण्णांना ही हकीकत सांगितली. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग एकदम म्हणाले, "नदीत टाकली म्हणून माणूस पुसला जातो होय? ही फरशी कशाची मग?"

पुढचा मुक्काम सांता क्रोचे. या चर्चमध्ये इटलीतल्या मोठ्या माणसांच्या समाध्या आहेत आणि प्रत्येकीची एक कहाणी आहे. मायकेलअँजेलो १५६४ साली रोममध्ये वारला. फ्लॉरेन्सच्या लोकांना तो इथे हवा होता, म्हणून त्याच्या पुतण्यानं देह मालाच्या गठ्ठ्यात लपवून इकडे आणला. गॅलिलिओ १६४२ साली गेला, पण चर्चचा रोष असल्यामुळे त्याला मानाची जागा मिळायला १७३७ साल उजाडलं. आणि डान्टे? त्याची समाधी मोठी थोरली आहे, पण रिकामी. फ्लॉरेन्सनं त्याला १३०२ मध्ये हद्दपार केलं, तो १३२१ साली रावेन्नाला वारला आणि तिथेच आहे. पुढे फ्लॉरेन्सनं त्याच्या अस्थी परत मागितल्या. रावेन्नावाल्यांनी दिल्या नाहीत, तिथल्या साधूंनी तर त्या लपवून ठेवल्या. आजही रावेन्नाच्या समाधीवरच्या दिव्याचं तेल दरवर्षी फ्लॉरेन्सकडून जातं.

"बघ, आपल्या गावानं हाकललं, परक्या गावानं सांभाळलं," अण्णा म्हणाले. हे वाक्य ते सहज म्हणाले. मला मात्र त्यात 'आपलं गाव', 'परकं गाव' एवढंच ऐकू आलं आणि आत्याचा फोन आठवला.

सांता क्रोचेच्या भागात भिंतींवर पुराच्या खुणा आहेत. ४ नोव्हेंबर १९६६ ला अर्नो शहरात घुसली, या भागात काही ठिकाणी पाणी सहा मीटरच्या वर चढलं. चित्रं, पुतळे, लाखो पुस्तकं चिखलात गेली. मग देशोदेशींची तरुण पोरं आली आणि हातांची साखळी करून पुस्तकं बाहेर काढत बसली. त्यांना इथे 'चिखलातले देवदूत' म्हणतात. अण्णांनी एका खुणेखाली उभं राहून हात वर केला, हात पोचला नाही. २०१९ च्या पुरात आमच्या शुक्रवार पेठेतल्या घरात पंचगंगेचं पाणी आलं होतं. जिन्याच्या सहाव्या पायरीवर अण्णांनी खिळ्यानं रेघ ओढून ठेवली आहे. "आपली रेघ लहान आहे," म्हणाले. त्यात थोडी नाराजी होती असा मला संशय आहे.

जेवण चौकातल्या दगडी बाकावर. तोस्कानाचा पाव बिनमिठाचा असतो, ही तिथली जुनी रीत. अण्णांनी एक घास घेतला, माझ्याकडे पाहिलं, आणि पिशवीतून शेंगदाण्याच्या चटणीची पुडी काढली. फ्लॉरेन्सचा पाव, फ्लॉरेन्सचं चीज आणि कोल्हापूरची चटणी. खाऊन बघा कधीतरी. पावात मीठ का घालत नाहीत ते मला तेव्हा कळलं!

मग पोन्ते व्हेक्यो. १३४५ सालचा पूल. ऑगस्ट १९४४ मध्ये माघार घेताना जर्मनांनी गावातले बाकीचे सगळे पूल उडवले, हा एवढा ठेवला. पुलावर दोन्ही बाजूंनी दुकानं. पूर्वी ती खाटकांची होती, १५९३ साली तिथल्या राजानं त्यांना उठवलं आणि सोनारांना बसवलं. "म्हणजे गुजरी," अण्णा म्हणाले. कोल्हापुरी साज कुठे दिसतोय का म्हणून आम्ही उगाच चार काचांतून डोकावलो आणि किमती बघून गुपचूप पूल उतरलो.

इथपर्यंत सगळे करतात तेच आम्ही केलं. इथून पुढे आमचा रस्ता वेगळा झाला. अर्नोच्या उजव्या काठानं, पश्चिमेला. एकेक पूल मागे पडत जातो तशी गर्दी ओसरते. प्रवासी संपतात आणि गाव सुरू होतं. सायकली, शाळेतली पोरं, कुत्री फिरवणारी म्हातारी माणसं. याच काठावरच्या एका हॉटेलात महाराजांनी शेवटचा श्वास घेतला. त्या वेळी फ्लॉरेन्स ही इटलीची राजधानी होती (१८६५ ते १८७१). अण्णांची चाल मंदावली होती. मी टॅक्सीचं नाव काढलं, त्यांनी ऐकलं नसल्यासारखं केलं.

मग ते मोठं उद्यान लागतं. साडेतीन किलोमीटर लांब, नदीला समांतर. नाव 'काश्शीने'. अण्णा थबकले. "काय म्हणालीस? काशी?" मी म्हटलं, "नाही हो अण्णा, दूधदुभत्याच्या गोठ्यांवरून पडलेलं नाव आहे, मेदिचींची शेतवाडी होती इथे." "असू दे," ते म्हणाले, "ऐकायला काशीच येतंय." दर मंगळवारी या उद्यानात मोठा बाजार भरतो. आम्ही पोचलो तेव्हा तो उठत होता. छत्र्या मिटत होत्या, न खपलेले शर्ट खोक्यांत जात होते. आमच्या रविवारच्या लक्ष्मीपुरीतल्या बाजारासारखंच. त्यातून वाट काढत आम्ही झाडांखालच्या लांबलचक रस्त्याला लागलो. ऑक्टोबरची पिवळी पानं. एक बाक आला की बसायचं, पाणी प्यायचं, उठायचं. असे सहा बाक झाले.

आणि मग झाडी संपते आणि छत्री दिसते.

चार खांबांवरची घुमटी, आणि खाली महाराजांचा रंगवलेला अर्धपुतळा. डोक्यावर पगडी, गळ्यात दागिने आणि चेहरा अगदी कोवळा. पुतळा फुलर नावाच्या इंग्रज शिल्पकाराचा, १८७४ सालचा. छत्रीचा आराखडा मेजर मँटचा. मँटचं नाव ऐकताच अण्णा खुलले, कारण कोल्हापूरचा नवा राजवाडा मँटचाच (१८७७ ते १८८४). त्या वाड्याच्या गळतीपासून कमानीपर्यंत सगळं अण्णांना पाठ आहे. चौथऱ्याच्या चार बाजूंना चार भाषांत लेख आहे, त्यातल्या दोन आपल्याकडच्या. अण्णांनी इंग्रजी लेख मोठ्यानं वाचला. वाचून झाल्यावर बूट काढले, दोन पावलं मागे सरकले आणि वाकून मुजरा केला. शेजारून जाणारा एक सायकलवाला पाय टेकून थांबला. काही बोलला नाही, बघून हलकेच मान लववून गेला.

छत्रीच्या पुढे काही पावलांवर मुन्योने नावाची छोटी नदी येऊन अर्नोला मिळते. हा संगम. म्हणून तर ही जागा. १८७० साली इटलीत दहनाची पद्धत नव्हती. युरोपातलं पहिलं दहनगृह पुढे १८७६ साली मिलानमध्ये झालं. पण महाराजांबरोबरच्या मंडळींनी आपल्या रीतीप्रमाणे नदीच्या संगमावर दहन हवं असं सांगितलं आणि फ्लॉरेन्सच्या नगरपालिकेनं खास परवानगी दिली. रातोरात चिता रचली गेली. डिसेंबरच्या तोंडावरची थंडी आणि असं काही कधीच न पाहिलेले, बघायला जमलेले गावकरी.

आम्ही काठावर बसलो. डोक्यावर थोड्या अंतरावर १९७८ साली पुरा झालेला तारांचा पूल होता. त्याचं नाव 'पोन्ते अल्लिंदियानो', म्हणजे भारतीयाचा पूल. रोज हजारो गाड्या आपल्या महाराजांच्या नावावरून जातात. अण्णा आता तारांचा हिशेब सांगतील म्हणून मी वाट बघत होते. ते म्हणाले,

"तुझ्या आईच्या वेळी मी आत गेलोच नाही, बाळ."

मी त्यांच्याकडे बघितलं.

"मला पण ताप होता. सोडलंच नसतं. गेटच्या बाहेर, रस्त्याच्या पलीकडे उभा होतो. महापालिकेची पोरं होती, ते पांढरं प्लास्टिक घातलेली. तोंडसुद्धा दिसत नव्हतं कुणाचं. एकानं लांबून हात करून विचारलं, काही घालायचंय का बरोबर? मी तिची हिरवी साडी आणलेली पिशवीत. तो आला, पिशवी घेऊन गेला. परत जाताना वळला आणि हात जोडले त्यानं. एवढंच. मग धूर दिसला, तो कुणाचा ते कसं कळणार? ओळीनं पेटत होत्या."

मुन्योनेचं पाणी अगदी बारीक आवाज करत होतं.

"तू समजत होतीस मी होतो. म्हणून तू लावून घेतलंस स्वतःला. मला दिसत होतं ते. पण सांगायचं कसं? मी पण नव्हतो गं तिथं. ज्यांनी केलं त्यांची नावं मला आजही माहीत नाहीत."

मी काय बोलणार? अण्णांचा हात धरला. लहानपणी जत्रेत धरायचे तसा. चार वर्षं मी मनात एक चित्र घेऊन फिरत होते की आईच्या उशाशी अण्णा आहेत आणि फक्त माझीच जागा रिकामी आहे. ते चित्र खरं नव्हतंच. तिथे आमच्यापैकी कुणीच नव्हतं. हे ऐकून बरं वाटलं असं कसं म्हणू? उलट जास्तच रडू आलं. पण ते रडू निराळं होतं, त्यात आम्ही दोघं होतो. आणि त्या जागेवर आता एक पांढऱ्या प्लास्टिकमधला मुलगा उभा आहे, हातात आईची हिरवी साडी घेऊन, आणि तो हात जोडतो आहे.

थोड्या वेळानं अण्णांनी छत्रीकडे बोट केलं. "आता हे पोर बघ. वीस वर्षांचं. आईबाप लांब, मुलूख लांब. लाकडं कुठल्या वखारीतली, कंदील कुणी धरला, कुठं लिहिलंय? पण केलं की नाही लोकांनी? रात्री उठून, थंडीत, आपली रीत नसताना केलं."

मग एकदम त्यांचा ऑफिसातला आवाज लागला. "आता ऐक. मला इकडं काही झालं, तर इथंच काय ते करायचं. पेटीबिटी विमानात घालून पाठवायच्या भानगडीत पडू नको. राख मात्र प्रयाग चिखलीला ने. पुढं कधी येशील तेव्हा. घाई नाही." पुरेशा सूचना दिल्यासारखं त्यांनी बूट घातले, नाड्या बांधल्या आणि विचारलं, "इथं चहा कुठं मिळेल?"

चहा मिळाला नाही, कॉफी मिळाली. टॅक्सीत बसता बसता फोननं सांगितलं, पंधरा हजार पावलं. अण्णा म्हणाले, "मोजणी बरोबर वाटते."

आत्या, तुझ्या प्रश्नाचं उत्तर हे असं आहे. पाणी पाजायला कोण असतंय, ते आधी सांगता येत नाही. कोल्हापुरात असूनही येत नाही. मला अजूनही रात्री फोन वाजला की धस्स होतं, ते काही फ्लॉरेन्सला जाऊन थांबलेलं नाही. पण आम्ही आता याबद्दल बोलू शकतो. रविवारच्या फोनवर हवापाणी, गुडघे आणि भाजीचे भाव झाले की अण्णा कधी कधी आईच्या शेवटच्या आठवड्यातलं काहीतरी सांगतात. अगदी बारीकसं. तिनं काय खायला मागितलं, कुणाची आठवण काढली. आधी ते कधीच सांगत नव्हते.

आणि एक राहिलं. पंचगंगेच्या स्मशानात महापालिका दहनाचे पैसे घेत नाही आणि गावातले लोक त्यासाठी शेणी दान देतात, हे कोल्हापूरकरांना ठाऊक आहे. यंदा होळीला अण्णांनी पाचशे शेणी दिल्या. पावती कुणाच्या नावानं करायची म्हणून तिथल्या माणसानं विचारलं. अण्णांनी सांगितलं, "नाव नको. अशीच घे."